‘रिटर्न दाखवा’: एका उमेदवाराचं प्रकरण

नाव, मतदारसंघ, पक्ष काहीच लिहीत नाहीये. आकडे थोडे हलवलेत पण एकमेकांशी प्रमाण तेच ठेवलंय. निवडणूक महाराष्ट्र विधानसभेची, २०२४ ची. उमेदवार डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. त्यांना सगळे ताई म्हणायचे, मीही ताईच म्हणतो. त्यांच्या मिस्टरांना दादा. मी टीममध्ये कागदपत्रं बघायचो, म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, खर्चाचं रजिस्टर वगैरे, त्यामुळे समोरच्यांनी ‘इन्कम टॅक्स रिटर्न दाखवा’ म्हटल्यावर झालेला हा सगळा प्रकार जवळून बघायला मिळाला.

पार्श्वभूमी

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं हे बऱ्याच जणांना माहिती असतं. २००२ साली सुप्रीम कोर्टाने एडीआर या निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या केसमध्ये मतदाराला उमेदवाराची माहिती मिळायलाच हवी असं सांगितलं, सरकारने कायदा करून ते पातळ करायचा प्रयत्न केला, तो २००३ ला कोर्टाने उडवला, तिथून हे सुरू झालं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. फेब्रुवारी २०१९ पासून त्यात अजून एक भर पडली, मागच्या पाच वर्षांच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेलं एकूण उत्पन्न. स्वतःचं, नवरा किंवा बायकोचं, एकत्र कुटुंबाचं, अवलंबून असलेल्यांचं.

आता नीट बघा, रिटर्न मागत नाहीत. रिटर्नमधला एक आकडा मागतात. वर्षाला एक, पाच वर्षांचे पाच. आणि सगळा घोळ तिथेच आहे.

दादांचा तो आकडा होता साधारण ८ लाख. ताईंचा ९ लाख. दोन्ही खरे, रिटर्नशी रुपया न रुपया जुळणारे, आमच्या सीएंनी दोनदा तपासलेले. पण घराचं खरं उत्पन्न १७ लाख होतं का, तर अजिबात नाही.

दादांची १६ एकर बागायत, जास्त करून केळी. शेतीचं उत्पन्न १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १०(१) खाली करमुक्त, त्यामुळे ते ‘एकूण उत्पन्न’ या आकड्यात येतच नाही. रिटर्नमध्ये ते वेगळ्या शेड्यूलमध्ये बसतं, करमुक्त उत्पन्नाच्या. तिथे २०२२-२३ ला ३१ लाख होते. शिवाय एका भागीदारी फर्ममध्ये दादा पार्टनर, कोल्ड स्टोरेज आणि ट्रेडिंग. फर्मच्या नफ्यातला त्यांचा वाटा २२ लाख, तोही पार्टनरच्या हातात करमुक्त, कारण फर्मने त्या नफ्यावर आधीच ३० टक्के टॅक्स भरलेला असतो. प्रतिज्ञापत्रात दिसले ते ८ लाख म्हणजे फर्मकडून मिळणारा पार्टनरचा पगार, व्याज आणि किरकोळ काय ते. म्हणजे ६१ मधले ८.

ताईंचं वेगळंच. त्यांनी त्याच कायद्याचं कलम ४४ एडीए घेतलेलं, त्यात डॉक्टर वकील वगैरे मंडळींना जमा फीच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, मग खर्चाचा हिशोब ठेवायची कटकट नाही. फी १८ लाख, उत्पन्न ९ लाख. कायद्याने चोख.

प्रश्न काय झाला

४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि दोनच दिवसात समोरच्यांनी सभेत विषय काढला. ताई २०१९ लाही उभ्या होत्या त्यामुळे दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवणं सोपं होतं. मालमत्ता पाच वर्षात जवळपास अडीचपट झालेली. त्यातली मोठी वाढ जमिनीच्या किमतीची, कारण फॉर्ममध्ये खरेदीची किंमतही लिहायची असते आणि आजची बाजारभावाची अंदाजे किंमतही, आणि बेरीज आजच्या भावाने होते. पण एक प्लॉट आणि एक गाडी नवीन होती, तीही कर्जाशिवाय घेतलेली. सभेतला प्रश्न सरळ होता, वर्षाला ८ लाख कमावणारा माणूस हे घेतो कसं? हिंमत असेल तर रिटर्न दाखवा.

दुसरा वार जास्त लागला. प्रतिज्ञापत्रात दादांच्या २०२३-२४ च्या रकान्यापुढे आम्ही ‘रिटर्न भरण्याची मुदत बाकी’ असं लिहिलेलं. फर्मला ऑडिट लागतं, त्यामुळे पार्टनरची मुदत ३१ जुलैची नसते, ३१ ऑक्टोबरची असते, आणि त्या वर्षी तर सीबीडीटीने, म्हणजे इन्कम टॅक्सच्या केंद्रीय मंडळाने, ती १५ नोव्हेंबरपर्यंत वाढवली होती. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. म्हणजे सगळं नियमात. पण स्टेजवरून ‘गेल्या वर्षीचं रिटर्नच भरलेलं नाही’ एवढं एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात आणि मुदतवाढीचं सर्क्युलर समजावायला पाच मिनिटं, ती पाच मिनिटं प्रचारात कोण देतं.

आमच्यातल्या काहींनी लगेच उलटा डाव सुचवला, त्यांचं रिटर्न माहिती अधिकारात काढू. वकील साहेब हसले. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने इन्कम टॅक्स रिटर्न ही वैयक्तिक माहिती धरलीये, व्यापक जनहित दाखवता आलं तरच मिळते, आणि ते दाखवत अपिलं करेपर्यंत पुढची निवडणूक येते. तो रस्ता बंद.

पर्याय आणि त्यावरची भांडणं

रात्री दवाखान्याच्या वरच्या खोलीत बसलो होतो. ताई, दादा, सीए, वकील, पक्षाचे एक तालुक्याचे पदाधिकारी, आणि मी.

पहिला पर्याय, काहीच करायचं नाही. वकील याच बाजूचे. त्यांचं म्हणणं, कायद्याने मागितलं तेवढं दिलंय, वर एप्रिल २०२४ च्या करिखो क्री निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की उमेदवाराचं सगळंच जाणून घ्यायचा मतदाराला अमर्याद हक्क नाही. आणि खरी भीती त्यांची पुढची होती. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२५ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आता बाहेर जे काही छापाल ते लोक प्रतिज्ञापत्राशी ताडून बघणार, आणि अर्जाची मुदत संपल्यामुळे प्रतिज्ञापत्र तर आता हलवता येत नाही. एखादी एफडी, एखादं खातं इकडे आहे तिकडे नाही असं निघालं तर निकालानंतर निवडणूक याचिका ठरलेली. ‘ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांना पुरावा देताय’ हे त्यांचं वाक्य.

दुसरा, पाचही वर्षांची पूर्ण रिटर्न जशीच्या तशी टाकून द्यायची. ताईंना हेच पाहिजे होतं. त्यांचा स्वभावच तसा, पेशंटला पण रिपोर्ट हातात देऊन बोलतात. इथे दादा पहिल्यांदा चिडले. त्यांच्या रिटर्नमध्ये फर्मचं शेड्यूल आहे, त्यात फर्मचं नाव, पॅन, किती टक्के वाटा, किती नफा आला आणि ३१ मार्चला भांडवल किती शिल्लक हे सगळं असतं. दादांचा वाटा कळला की बाकी तीन पार्टनरचं गणित कोणीही मांडू शकतं. दादा म्हणाले, ‘उभी तू राहिलीयेस, ते तिघं नाही राहिले. उद्या बाजारात त्यांना काय तोंड दाखवू?’ ताई म्हणाल्या, ‘अहो पण प्रश्न तुमच्याच आकड्यावर आलाय ना, माझ्या दवाखान्यावर कोण बोलतंय.’ थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

मला इथे दादांचं पटलं होतं, अजूनही पटतं. उमेदवाराने खाजगीपणा सोडायचा हे एक वेळ ठीक, ती त्या खुर्चीची किंमत आहे. नवरा किंवा बायकोने किती सोडायचा यावर वाद होऊ शकतो, पण निवडणुकीत नसलेल्या धंद्यातल्या पार्टनरने का सोडावा?

तिसरा पर्याय पदाधिकाऱ्यांचा. समोरच्याने टाकली तर आम्ही टाकू, असं स्टेजवरून उलटं आव्हान द्यायचं. राजकारणात हे चालतं, टाळ्याही मिळतात, आणि दोन्हीकडून कोणीच काही टाकत नाही. ताईंनी हे ऐकूनच घेतलं नाही.

चौथा सीएंचा. पूर्ण रिटर्न नाही, पण पाच वर्षांचा एक तक्ता, ज्यात एकूण उत्पन्न, शेतीचं उत्पन्न, फर्मचा वाटा, ताईंची जमा फी, आणि दोघांनी भरलेला टॅक्स, सगळं वेगवेगळ्या ओळीत. सोबत रिटर्न भरल्याच्या पावत्या, पॅन झाकून. खाली सीएची सही.

काय ठरलं आणि काय केलं

चौथाच झाला, पण दोन बदल करून.

एक, तक्ता लगेच काढायचा नाही, आधी दादांचं २०२३-२४ चं रिटर्न भरायचं म्हणजे ‘भरलंच नाही’ हा मुद्दा मेला. फर्मचं काम अडकलेलं त्यामुळे यात चांगले चार-पाच दिवस गेले. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय. ते चार-पाच दिवस ‘दाखवत का नाहीत’ हेच फिरत राहिलं, आणि कागद बाहेर आला तेव्हा मतदानाला एक आठवडाही उरला नव्हता.

दोन, ताईंचा हट्ट. पूर्ण रिटर्न छापायची नाहीत ठीक, पण प्रचार कार्यालयात फाईल ठेवायची, मतदारसंघातल्या कोणीही येऊन बसून बघावं, फोटो काढायचा नाही. फर्मच्या शेड्यूलच्या पानाबद्दल दादांनी पार्टनरना फोन करून विचारलं, दोघं हो म्हणाले, एक नाही म्हणाला, म्हणून ते पान काढून तिथे ‘त्रयस्थ व्यक्तींची माहिती असल्याने काढले’ असा कागद लावला. वकिलांनी प्रत्येक पान प्रतिज्ञापत्राशी ताडून घेतलं ते बरंच झालं, एक जुनं बंद पडलेलं खातं रिटर्नमध्ये अजून तसंच दिसत होतं, ते खरंच बंद आहे याचं बँकेचं पत्र फाईलला लावलं.

तक्ता ताईंच्या पेजवर टाकला. पोरांना तो बूस्ट करायचा होता, मी नको म्हटलं, पैसे देऊन चालवलं की ती जाहिरात होते, मग आधी निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून प्रमाणित करून घ्या आणि ४० लाखांच्या खर्च मर्यादेत धरा. छापील हँडबिल काढलं, त्याचा खर्च रजिस्टरला लावला.

पुढे काय झालं

आम्हाला वाटलं होतं विषय मिटेल. तसं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर तक्त्यातली एकच ओळ कापून फिरायला लागली, ‘३१ लाख उत्पन्न, टॅक्स शून्य’. वरच्या खालच्या ओळी गायब. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या स्वतःच्या उमेदवाराची शेती आमच्यापेक्षा जास्त होती हो, पण त्यांचा तक्ता नव्हताच तर कापणार काय.

गावोगाव मात्र वेगळंच चाललेलं. शेतीवर टॅक्स नाही याचं तिथे कोणाला काहीच वाटत नव्हतं, तिथे सगळ्यांचीच शेती करमुक्त. त्यांचा प्रश्न होता एकराचा. १६ एकरात ३१ लाख म्हणजे खर्च वजा जाता एकरी जवळपास दोन लाख, ते कोणत्या भावाने? पारावर बसून लोक रोपं किती, घड किती किलोचा, व्यापाऱ्याने कटिंगला काय भाव दिला असं सगळं लावत होते, आणि बहुतेकांचं मत पडलं की चांगल्या साली सुटतात, पण दरवर्षी नाही सुटत. तक्त्यात पाच वर्षं होती, दोन वर्षं १२ आणि १४ लाखांची होती, ते बघून बरेच जण गप्प झाले. तो एकटा मोठा आकडा दिला असता तर वाट लागली असती. शेतीच्या नावाखाली दुसरा पैसा पांढरा करतात हा संशय आपल्याकडे असतोच, आणि तो तपासायला ऑडिटरपेक्षा शेजारचा शेतकरी भारी पडतो.

कार्यालयातली फाईल बघायला फार लोक आलेच नाहीत. दोन पत्रकार, समोरच्यांचा एक माणूस (ओळख न सांगता, पण आम्ही ओळखला), आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. काका दीड तास बसले. शेतीचं उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की भाड्याची, बागायत की जिरायत हेही भरावं लागतं. काका त्या ओळींवर बोट ठेवून खिशातून सातबाऱ्याचे प्रिंट काढत होते, ऑनलाइन काढून आणलेले. एका गटावर थांबले. रिटर्नमध्ये बागायत, सातबाऱ्यावर जलसिंचनाचा स्रोत कोरा आणि पीक ज्वारी. ‘हे कसं?’

मी दादांना फोन लावला. दादा म्हणाले शेजारच्या गटातल्या विहिरीवरून पाईपलाईन आणलीये, पीक पाहणीची नोंद कोणी बदललीच नाही. पटण्यासारखं होतं, असं खूप ठिकाणी असतं. काकांनी वहीत लिहून घेतलं, पाईपलाईनचं बिल आहे का विचारलं. ते काही सापडलं नाही. काका ‘बरं’ म्हणाले आणि गेले. त्यांचं समाधान झालं की नाही मला सांगता येणार नाही.

समोरच्या उमेदवाराने शेवटपर्यंत काहीच टाकलं नाही. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसाय शेती, पाच वर्षांचे पाच छोटे आकडे, विषय संपला. कायद्याने त्यांचंही सगळं बरोबरच. १८ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबला, २० ला मतदान झालं. ताई आल्या की पडल्या हे मुद्दाम लिहीत नाही, फरकाचा आकडा लिहिला की कोणीही दोन मिनिटात शोधून काढेल. निकालाचं आणि तक्त्याचं नातं जोडणंही चुकीचं होईल, तिथे जातीचं गणित आणि पाण्याचा प्रश्न यापुढे आमचा तक्ता कुठेच नव्हता. नंतर याचिका वगैरे काही झाली नाही, वकिलांची भीती तरी खोटी ठरली.

वेगळं काय करता आलं असतं

कागद अर्जाच्या दिवशीच बाहेर काढायला हवा होता. आरोपाच्या नंतर दिलेली माहिती ही सफाई वाटते. आणि त्यासाठी दादांचं रिटर्न, मुदत असो नसो, ऑक्टोबरच्या आधी भरून मोकळं व्हायला पाहिजे होतं. पार्टनरशीही उमेदवारी ठरते तेव्हाच बोलायचं, प्रचारात रात्री साडेअकराला फोन करून माणूस हो म्हणत नाही.

प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाचे स्रोत लिहायचा रकाना असतो. आम्ही तिथे ‘शेती व व्यवसाय’ एवढंच लिहिलं, जसं सगळेच लिहितात. तिथेच ‘शेती (करमुक्त), भागीदारी फर्ममधील नफ्याचा वाटा (करमुक्त), पार्टनर म्हणून मिळणारा पगार व व्याज’ असं लिहिलं असतं तर ८ लाख म्हणजे सगळं उत्पन्न हा अर्थ कोणाला काढताच आला नसता. त्याला कायद्याची आडकाठी नव्हती, सवय नव्हती इतकंच.

आता सक्ती करावी का नाही. ताईंच्या अनुभवावरून माझं मत सक्तीच्या बाजूने गेलं, आधी मी कुंपणावर होतो. ऐच्छिक ठेवलं की जो दाखवतो त्याचीच चिरफाड होते आणि जो गप्प बसतो तो सुखात राहतो, मग पुढच्या वेळी कोण दाखवेल? अमेरिकेत हेच झालं. तिथे निक्सनच्या काळापासून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आपणहून रिटर्न जाहीर करायचे, कायदा नव्हता, रीत होती, २०१६ ला ट्रम्पनी नाही म्हटलं आणि रीत तिथेच मोडली. कॅलिफोर्नियाने २०१९ ला कायदा केला की रिटर्न दिल्याशिवाय प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर नाव नाही, तो त्याच वर्षी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्याच घटनेत बसत नाही म्हणून रद्द केला. आपल्याकडे उलट आहे, प्रतिज्ञापत्राची सक्ती वीस वर्षं रुळलेली आहे, २०१८ च्या लोकप्रहरी निकालात कोर्टाने उत्पन्नाचे स्रोतही सांगा म्हटलंय, म्हणजे पाया तयार आहे.

पण पूर्ण रिटर्नची सक्ती नको. खाते नंबर, पार्टनरची भांडवलं, या पानांनी मतदाराला काही कळत नाही आणि फसवणूक करणाऱ्याला सगळं कळतं. नमुना २६ मध्ये पाच वर्षांच्या त्याच तक्त्याला तीन रकाने वाढवा: शेतीचं उत्पन्न, बाकीचं करमुक्त उत्पन्न, भरलेला टॅक्स. तिन्ही आकडे आधीच रिटर्नमध्ये असतात, इन्कम टॅक्स खात्याला जुळवून बघायला काहीच अवघड नाही.

हे मी सीएंना बोललो तर ते म्हणाले, रकाना आला की शेतीचे आकडे कागदावर आपोआप लहान होतील, मग प्लॉट कशातून घेतला त्याचं उत्तर ‘सासऱ्यांकडून भेट’ असं येईल, कारण नातेवाईकांकडून आलेल्या भेटीवर टॅक्स नाही आणि त्याला मर्यादाही नाही. मी म्हटलं मग ‘बाकीचं करमुक्त’मध्ये भेटही धरायची, कोणाकडून आली ते नात्यासकट. ते म्हणाले लिहून पाठवा आयोगाला. मसुदा तयार आहे, दादांना वाचायला दिलाय.